मुलाखतकाराची माहिती आणि मुलाखतकाराशी ओळख : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक आढावा

नोकरीच्या मुलाखतीपूर्वी समोर बसणाऱ्या व्यक्तीविषयी उमेदवाराने काय, किती आणि कोणत्या वाटेने जाणून घ्यावे, हा प्रश्न मार्गदर्शनपर पुस्तकांत तयारीच्या शेवटच्या दिवसाचे काम म्हणून येतो : संस्थेचे संकेतस्थळ चाळावे, लिंक्डइनवर मुलाखतकाराचा परिचय वाचावा, जमल्यास त्याच्या आवडीचा विषय बोलण्यात आणावा, एवढ्यावर त्याची बोळवण होते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत तोच प्रश्न 'इंटरव्यूला कोण बसणार?' अशा शब्दांत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात त्या व्यक्तीच्या अभ्यासविषयापेक्षा तिच्याकडे शब्द कोण टाकू शकेल याचा हिशेब अधिक असतो. मुलाखतकाराविषयीची माहिती आणि मुलाखतकाराशी असलेली ओळख या दोन गोष्टी येथील व्यवहारात इतक्या मिसळून गेल्या आहेत की दुसरी बाजूला काढून ठेवल्याशिवाय पहिलीचा विचारच करता येत नाही. सरकारी सेवा, महाविद्यालये, शाळा आणि खासगी कंपन्या यांतील मुलाखतींची रचना, त्यासंबंधीचे न्यायनिर्णय आणि निवडीच्या शास्त्रातील संशोधन एकत्र पाहिले असता असे दिसते की उमेदवाराच्या खरोखर उपयोगी पडणारी माहिती मुलाखतकार ज्या खुर्चीवरून प्रश्न विचारतो त्या खुर्चीविषयीची असते, ती बहुतांशी नियमांत छापलेली असते, आणि तरीही ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत ती सर्वांत उशिरा पोहोचते.

मुलाखत आता उरली आहे कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' मधील अराजपत्रित पदे आणि गट 'क' व 'ड' मधील पदे यांसाठी मुलाखत बंद केली. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी या निर्णयाचे सूतोवाच केले होते, आणि कनिष्ठ पदांच्या मुलाखती हे वशिल्याचे व पैशाच्या देवघेवीचे दार झाले आहे, ही त्यामागची धारणा होती. महाराष्ट्रात तलाठी आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी यांची निवड लेखी परीक्षेवर, तर पोलीस शिपायाची लेखी परीक्षेसह मैदानी चाचणीवर होते. त्यामुळे मराठवाड्यातील स्पर्धा परीक्षेचा फार मोठा उमेदवारवर्ग आयुष्यात एकदाही निवड समितीपुढे बसत नाही. 'लातूर पॅटर्न' या नावाने ओळखली जाणारी अध्यापनरीती, म्हणजे राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांपासून नावारूपाला आलेली वारंवार सराव चाचण्यांची पद्धत, हीदेखील चेहरा नसलेल्या परीक्षकासाठीच घडलेली आहे, कारण वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला विद्यार्थ्याचे गाव किंवा बोलण्याचा ढंग कळत नाही. या पद्धतीने अनेक सामान्य घरांतील मुलांना न्याय दिला, हे मान्य करावेच लागते. मात्र तिच्यातून बाहेर पडलेल्या पदवीधराला पुढे एखाद्या टेबलापलीकडील पाच माणसांशी बोलावे लागले की त्याला पूर्वाभ्यासाचा कोणताही आधार राहत नाही आणि मग तो 'कोण बसणार' याच्या चौकशीला लागतो.

ज्या सरकारी मुलाखती टिकून आहेत त्यांत माहितीचा प्रवाह जाणीवपूर्वक एकाच दिशेने वाहतो. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत व्यक्तिमत्त्व चाचणीला, म्हणजेच मुलाखतीला, २७५ गुण असून लेखी परीक्षेच्या १७५० गुणांत ते मिळविले की एकूण २०२५ गुण होतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेसाठी वर्णनात्मक पद्धत स्वीकारताना २०२५ पासून हीच विभागणी घेतली, त्यापूर्वी राज्यसेवेत लेखी परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची होती. दिल्लीतील धोलपूर हाउसमध्ये मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराचा सविस्तर अर्ज, म्हणजे त्याचे शिक्षण, जन्मगाव, छंद, सेवांचा पसंतीक्रम यांचा तक्ता, मंडळासमोर असतो. त्याचे लेखी परीक्षेतील गुण मात्र मंडळाला कळू दिले जात नाहीत आणि उमेदवारालाही कोणते मंडळ वाट्याला येणार हे त्या दिवसापूर्वी कळत नाही. सैन्याच्या सेवा निवड मंडळात हेच तत्त्व अधिक पुढे नेलेले दिसते, कारण तेथे मुलाखत अधिकारी, मानसशास्त्रज्ञ आणि गटचाचणी अधिकारी असे तिघे उमेदवाराचे स्वतंत्रपणे मूल्यमापन करतात, आणि छातीवर क्रमांक लावून वावरणाऱ्या उमेदवाराने भरलेल्या माहितीपत्रकावरच मुलाखत अधिकाऱ्याचे बरेचसे प्रश्न उभे असतात. अशा ठिकाणी तयारीचा शहाणा मार्ग उलटा आहे : मुलाखतकार कोण आहे हे शोधण्यापेक्षा त्याच्या हाती आपल्याविषयी काय आहे ते पुन्हा वाचावे, कारण अर्जात 'वाचन' हा छंद लिहिणाऱ्याला शेवटचे वाचलेले पुस्तक आणि 'नांदेड' लिहिणाऱ्याला गोदावरी, हजूर साहिब किंवा विष्णुपुरी प्रकल्प विचारला जाण्याचा संभव कोणत्याही सदस्याच्या स्वभावापेक्षा अधिक खात्रीचा असतो.

तरीही स्पर्धा परीक्षेच्या जगात सदस्यनिहाय प्रश्नसंग्रहांना मोठी मागणी आहे. अमुक सदस्य अर्थव्यवस्थेवर विचारतात, तमुक सदस्य उमेदवाराला चिडवून पाहतात, अशा नोंदी पिढ्यान्पिढ्या हस्तांतरित होतात. आयोगाचे सदस्य हे संविधानिक पदाधिकारी असल्याने त्यांची नावे आणि पूर्वसेवा गुप्त नाहीत, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३१६ नुसार सुमारे निम्मे सदस्य किमान १० वर्षे सरकारी सेवा केलेले असावेत, एवढे वाचले तरी मंडळाच्या दृष्टीचा काही अंदाज येतो. पण या संग्रहांचे मोल त्यांच्या किमतीच्या मानाने कमीच मानावे लागेल. मंडळ ऐनवेळी ठरते, अध्यक्षस्थानी बसणाऱ्या सदस्याबरोबरचे तज्ज्ञ वेगवेगळे असतात, आणि नोंदी लिहिणारे बहुधा यशस्वी उमेदवार असल्याने ज्यांचे त्याच मंडळासमोर बिनसले त्यांचा अनुभव कोठेच येत नाही.

मुलाखतकाराचे नाव जाणून घेणे हा उमेदवाराचा हक्क आहे काय, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बिहार लोकसेवा आयोग विरुद्ध सय्यद हुसैन अब्बास रिझवी या खटल्यात उत्तर दिले आहे. माहिती अधिकाराच्या अर्जात मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे मागण्यात आली होती. पाटणा उच्च न्यायालयाने पत्ते वगळून नावे देण्यास सांगितले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अशी नावे उघड झाल्यास सदस्यांच्या जीविताला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचू शकतो, या कारणासाठी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(छ) खालील अपवाद लागू केला. म्हणजे मुलाखत उरकल्यानंतरही नावे मागता येत नाहीत, मग आधी मागण्याचा प्रश्नच राहत नाही. या निर्णयात सदस्याच्या सुरक्षेचा विचार ठळक आहे. जे उमेदवार ती नावे आधीच खासगी वाटेने मिळवून बसलेले असतात आणि जे तसे करू शकत नाहीत त्यांच्यातील तफावतीचा विचार मात्र त्यात येत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खरी अडचण तीच आहे.

ओळखीच्या बाबतीत न्यायालयांनी उमेदवारापेक्षा मुलाखतकारावर अधिक बंधने घातली आहेत. ए. के. क्रायपाक विरुद्ध भारत संघ या १९६९ च्या निर्णयात जम्मू-काश्मीरमधील भारतीय वनसेवेची निवड रद्द झाली, कारण स्वतः उमेदवार असलेला प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावरही होता. स्वतःच्या नावाचा विचार होताना तो उठून गेला, तरी प्रतिस्पर्ध्यांच्या विचाराच्या वेळी तो बसला होता, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात, प्रवेशाच्या संदर्भात, दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या मुलाखतीला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वजन देणे मनमानी ठरले. १९८५ च्या अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या निर्णयाने मुलाखतीचे वजन सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे सांगितले, आणि नातेसंबंधाबाबत एक भेद केला जो नांदेड-लातूरच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे : लोकसेवा आयोगाचा सदस्य जवळचा नातलग मुलाखतीला आला तर त्या उमेदवारापुरता बाजूला झाला तरी चालते, कारण आयोग ही संविधानिक संस्था आहे, पण साध्या निवड समितीच्या सदस्याने अशा वेळी संपूर्ण निवडप्रक्रियेतूनच बाहेर पडले पाहिजे. ज्या समाजात गावकी, भावकी आणि सोयरीक यांचे जाळे चार तालुक्यांत पसरलेले असते तेथे हा दंडक काटेकोरपणे पाळायचा म्हटले तर कित्येक समित्यांची गणपूर्तीच होणार नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. निर्णयाचा रोख जवळच्या नात्यावर आहे, दूरच्या पाहुणेपणावर नाही, आणि व्यवहारात वशिला नेमका त्या दूरच्या पाहुणेपणातूनच चालतो.

या सर्व प्रश्नाचे सर्वांत दाट रूप महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या भरतीत दिसते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात आणि लातूरला त्याचा उपपरिसर आहे. त्यापूर्वीच नांदेडचे पीपल्स कॉलेज (१९५०), यशवंत महाविद्यालय (१९६३), लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) अशा खासगी संस्थांनी येथील उच्च शिक्षणाची घडी बसविली होती, त्यामुळे प्राध्यापकाचा नियोक्ता संस्था, वेतन देणारे सरकार आणि नेमणुकीला मान्यता देणारे विद्यापीठ, अशी तीन घरांची वाटणी निवड समितीतही उतरली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाच्या निवड समितीवर संस्थेच्या नियामक मंडळाचा अध्यक्ष किंवा त्याचा प्रतिनिधी हा समितीचा अध्यक्ष असतो. प्राचार्य आणि विभागप्रमुख असतात. कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी असतात, त्यांतील एक विषयतज्ज्ञ असावा लागतो. आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेले आणखी दोन विषयतज्ज्ञ कुलगुरूंनी शिफारस केलेल्या पाच नावांतून घेतले जातात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असतील आणि समितीत त्या गटाचे कोणी नसेल तर त्या गटातील एक शिक्षणतज्ज्ञ जोडावा लागतो. गणपूर्तीसाठी पाच सदस्य आणि त्यांत तीन विषयतज्ज्ञांपैकी किमान दोन हजर असणे आवश्यक आहे. याच नियमावलीने पदव्या, नेट-सेट, संशोधन यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते धरून अंतिम निवड केवळ मुलाखतीवर सोपविली, हे तिचे सर्वांत टीकार्ह कलम म्हणावे लागेल, कारण त्यामुळे वर्षानुवर्षांच्या कमाईचे मोल मुलाखतीच्या दारापाशी संपते.

हा मजकूर कोणालाही वाचायला मिळतो आणि त्यातून उमेदवाराला मुलाखतीचा जवळजवळ नकाशाच हाती येतो. संस्थेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवरून येणारा प्रश्न विषयाचा क्वचितच असतो. उमेदवार गावात राहील काय, राष्ट्रीय सेवा योजनेचे काम घेईल काय, प्रवेश वाढविण्यासाठी काय करील, याची चाचपणी तेथून होते. प्राचार्याला कार्यभार, वेळापत्रक आणि नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रे सांभाळणारा माणूस हवा असतो. विषयतज्ज्ञ प्रबंधावर येतात, आणि त्यांच्या बाबतीतच व्यक्तिगत अभ्यासाला अर्थ आहे, कारण विद्यापीठातील विषयतज्ज्ञांचे वर्तुळ लहान असते आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय प्रबंधकोशात बऱ्याच अंशी पाहता येतात. एखाद्या मराठीच्या उमेदवाराने लोकसाहित्यावर काम केले असेल आणि त्या क्षेत्रात मार्गदर्शन करणारे विद्यापीठात तीन-चारच प्राध्यापक असतील, तर त्यांपैकी कोण येणार हे न विचारताही त्या सर्वांची भूमिका वाचून जाणे हा अभ्यासाचा भाग ठरतो. त्यांतील एकाच्या घरी आदल्या संध्याकाळी जाऊन येणे हा ठरत नाही.

या लहान वर्तुळाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. समितीची नावे कागदावर गोपनीय असली तरी संशोधन मार्गदर्शकाच्या दूरध्वनीवर ती आधी पोहोचलेली असतात, म्हणून ज्याचा मार्गदर्शक विद्यापीठाच्या राजकारणात वजनदार त्याला सर्व काही ठाऊक आणि किनवट, मुखेड, देगलूर किंवा जळकोट तालुक्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला काहीच नाही, अशी स्थिती होते. त्यात आडनावाचा अर्थ लावण्याची सवय मिसळते. पॅनलवरील नावे कळली की त्यांवरून जात, जातीवरून गट आणि गटावरून निकाल काढला जातो; हा अंदाज अनेकदा चुकतो, तरी उमेदवाराचे मनोधैर्य मुलाखतीआधीच खचविण्यास तो पुरतो. 'जागा आधीच ठरलेली आहे' हे वाक्य या भागातील प्रत्येक प्रतीक्षा-कक्षात ऐकू येते, आणि ते कधी खरे, कधी पराभवाची सोय असते. दरवर्षी सत्राच्या प्रारंभी होणाऱ्या तासिका तत्त्वावरील, म्हणजे प्रत्येक तासाच्या मानधनावर नेमल्या जाणाऱ्या प्राध्यापकांच्या मुलाखतींत तर मुलाखतकार आणि उमेदवार एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असतात, त्यामुळे तेथे माहिती मिळविण्याचा प्रश्नच उरत नाही आणि मुलाखत बऱ्याचदा आधी झालेल्या निर्णयाची नोंद ठरते.

शालेय शिक्षकांच्या बाबतीत राज्य सरकारने वेगळी वाट धरली. खासगी अनुदानित शाळांत नेमणूक संस्थाचालकांच्या हाती असताना 'डोनेशन' या सौम्य नावाखाली चालणाऱ्या व्यवहाराने येथील कित्येक कुटुंबांची शेतजमीन खाल्ली. २०१७ मध्ये आलेल्या 'पवित्र' संगणकीय प्रणालीने २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी बंधनकारक करून त्या दारावर चौकट बसविली. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन पर्याय दिलेले आहेत, आणि संस्था कोणता पर्याय निवडते एवढ्यावरूनच तिच्याविषयी उमेदवाराला बरेच काही कळते.

आता संशोधन काय सांगते ते पाहावे. स्वतःसारखी भासणारी व्यक्ती आवडणे, यालाच साम्याचे आकर्षण म्हणतात, ही बाब डॉन बर्न या मानसशास्त्रज्ञाने १९७१ पर्यंत सविस्तर मांडली होती. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील उच्चभ्रू सल्लागार, वित्त व कायदा कंपन्यांच्या १२० मुलाखतकारांशी बोलून दाखविले की ते उमेदवाराची कुवत पाहताना आपल्यासारखे छंद आणि राहणीमान असलेल्यांकडे झुकतात. अर्थात मुलाखतकाराच्या आवडी माहीत असणे लाभाचे ठरू शकते, हे नाकारता येत नाही. परंतु बॅरिक, शॅफर आणि डिग्रासी यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असे मांडले की गोड बोलून छाप पाडण्याचा संबंध मुलाखतीतील गुणांशी जेवढा असतो तेवढा पुढील कामगिरीशी नसतो, आणि मुलाखत जेवढी बांधीव तेवढा तो प्रभाव कमी होतो. बांधीव मुलाखत म्हणजे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरविलेल्या गुणपट्टीवर. पुढील कामाचा अंदाज करण्याची क्षमता मोजणाऱ्या गुणांकात, ज्यात ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण संबंध, श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये बांधीव मुलाखतीला ०.५१ आणि मोकळ्या मुलाखतीला ०.३८ असे स्थान दिले होते. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ते आकडे ०.४२ आणि ०.१९ असे खाली आणले. या आकड्यांचा येथील अर्थ असा की मुलाखतकाराची ओळख जेथे कामी येते ती मुलाखतच माणूस पारखण्याच्या दृष्टीने दुबळी असते.

खासगी कंपन्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था किंवा लातूरची अभियांत्रिकी महाविद्यालये येथून पुण्याला आणि हैदराबादला जाणाऱ्या पदवीधराला मुलाखतकाराचे नाव बहुधा ई-मेलच्या निमंत्रणातच मिळते, आणि त्याचा व्यावसायिक परिचय वाचणे तेथे गैर समजले जात नाही. तो मनुष्यबळ विभागाचा आहे, की ज्याच्या हाताखाली काम करायचे तो प्रमुख आहे, एवढा भेद कळला तरी उत्तरांचा पोत बदलतो. त्याच्या लग्नाची किंवा सहलीची छायाचित्रे पाहून ठेवणे निरुपयोगी आणि बोलण्यात निसटल्यास अपायकारक आहे. एकेकाळी नांदेडला मुख्यालय असलेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेचा वारसा सांगणाऱ्या ग्रामीण बँकेत अधिकाऱ्यांची भरती आयबीपीएस या बँकभरती संस्थेमार्फत होत असल्याने स्थानिक चौकशीला तेथे वाव उरलेला नाही. न्यायिक सेवेची मुलाखत मात्र या विषयातील एक सुंदर अपवाद आहे. अशोक कुमार यादव निर्णयाने उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींना अशा मंडळावर तज्ज्ञ म्हणून बोलावण्याची सूचना केली होती, आणि न्यायमूर्तीची विचारपद्धती तर त्याच्या निकालपत्रांत उघडपणे नोंदलेली असते. छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात वकिली करणारा उमेदवार ती रोजच्या कामाचा भाग म्हणून वाचतच असतो, त्यासाठी त्याला कोणाची भेट घ्यावी लागत नाही.

माहिती आणि वशिला यांच्यातील सीमा संघ लोकसेवा आयोगाच्या नियमांनी पुरेशी स्पष्ट केली आहे : परीक्षेशी संबंधित व्यक्तीवर दबाव आणून किंवा तिला लाच देऊन उमेदवारीसाठी पाठबळ मिळविणे हे अपात्रतेचे कारण आहे. महाविद्यालयांच्या मुलाखतपत्रात मूळ कागदपत्रे आणि साक्षांकित प्रती यांची यादी असते, वेळ असते, प्रवासखर्च मिळणार नाही हे वाक्य असते. समितीची रचना कशी असेल, नमुना पाठ द्यावा लागेल काय आणि किती मिनिटांचा, कोणत्या बाबींना किती गुण आहेत, यांविषयी सहसा काहीच नसते. रिझवी निर्णयाने नावे देण्यापासून सूट दिली आहे, रचना सांगण्यास मज्जाव केलेला नाही, आणि ती रचना नियमावलीत आधीच प्रसिद्ध आहे. तेवढ्या चार ओळी प्रत्येक उमेदवाराच्या पत्रात छापल्या गेल्यास वजनदार मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्याजवळील नावांची चिठ्ठी नाहीशी होणार नाही, पण मुलाखतीची तयारी करण्यासाठी ती चिठ्ठी मिळवावी लागेल, ही सक्ती तरी इतरांवर राहणार नाही.